न हलण्याची सर्वसाधारण सभा

डॉक्टरीणबाईंच्या टेबलासमोर आम्ही चौघं बसलो होतो. मी, माझा भाऊ, माझी भावजय आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी, म्हणजे माझी भाची. बाईंचं सांगणं एवढंच होतं, की मुलीनं मशीनच्या टेबलावर उताणं पडायचं आणि अजिबात हलायचं नाही. ते ऐकून माझा भाऊ हसला. दवाखान्यात हसेल असा तो माणूस नाही, पण त्याला आवरलं नाही. कारण ही मुलगी रात्री खाटेच्या एका टोकाला निजते आणि सकाळी दुसऱ्या टोकाला, पाय उशीवर ठेवून सापडते.

"हसू नका," बाई म्हणाल्या. "सगळं यावरच अडलंय."

आधीचं थोडक्यात सांगते. ते इतक्या जणांना सांगून झालंय की मला पाठ आहे. भावाची कळसला डाळिंबाची बाग. मुलगी पाठ दुखते म्हणायची. दप्तर जड असेल म्हणून आम्ही दप्तर हलकं केलं. उड्या मारते म्हणून उड्या बंद केल्या. मग तिचा एक पाय ओढायला लागला, तेव्हा फोटो निघाले आणि कळलं की मणक्याच्या हाडात कॅन्सरची गाठ आहे. लहान मुलांच्या हाडात होणारा हा प्रकार मुळातच फार कमी दिसतो, आणि मणक्यात तर आणखी कमी. आमचे तात्या हे ऐकून म्हणाले होते, "सोसायटीच्या सोडतीत उभ्या जन्मात कवा नंबर लागला न्हाय आपला, आन् हितं बरा लागला."

तात्या म्हणजे आमचे चुलत चुलते, निरवांगीचे. त्यांची हयात सोसायटीच्या कमिटीत गेली. त्यामुळे ते घरात पाणी मागतानाही सभेला उद्देशून मागतात.

पुण्याला ऑपरेशन झालं, नसेवरचा दाब गेला, पाय पुन्हा चालू लागला. मग सलाइनमधून औषधाचे डोस सुरू झाले. त्यातले बरेचसे बारामतीलाच घेता आले, हे आमचं नशीब. केस गेले. त्या दिवशी तात्यांनी आपलं टक्कल तिच्यासमोर वाकवून म्हटलं, "आता आपुन जोडीदार." भाचीनं त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पर तात्या, माजं परत येणार हायत." डॉक्टरांनी तिला तसं सांगितलं होतं. तात्यांना तसं कोणी सांगितलं नव्हतं.

आता पाळी होती शेकाची. रेडिएशन म्हणा, पण आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात. बारामतीच्या या दवाखान्यात मशीन होतं. नव्हते ते भूल देणारे जास्तीचे डॉक्टर. होते ते एकच, आणि ते दिवसभर ऑपरेशनं आणि बाळंतपणं यांच्यामध्ये धावत असायचे. लहान मुलांना शेकाच्या वेळी बहुतेक रोज भूल द्यावी लागते, कारण ती हलतात. किरण गाठीवर पडायचे तर मूल तसूभर सरकून चालत नाही, शेजारीच कण्यातली मुख्य नस. आठवड्यातले पाच दिवस, कित्येक आठवडे, रोज भूल. इथं ते जमणारं नव्हतं.

"पुण्याला जमेल," बाई म्हणाल्या. "पण तिथं रांग आहे. नंबर कधी लागेल ते मी सांगू शकत नाही. आणि या आजारात शेक वेळेवर सुरू व्हायला हवा. औषधानं गाठ दबली आहे, तेवढ्यातच तो द्यायचा. पोरगी भुलीशिवाय पडून राहिली तर मी इथंच सुरू करते, रोज संध्याकाळी ती आपल्या घरी."

मग त्यांनी तिला आतल्या खोलीत नुसतं निजवून बघितलं. शेक नाही, फक्त रंगीत तालीम. बाहेर पडद्यावर आम्हाला ती दिसत होती. दार बंद झालं आणि लगेच तिनं नाक खाजवलं. मग हिरव्या किरणांची रेघ पोटावर पडली, ती बोटानं पुसायचा प्रयत्न केला. मग मशीन फिरायला लागलं, तर हिची मान त्याच्याबरोबर फिरायला लागली. मग ती चक्क उठून बसली आणि मोठ्यानं विचारलं, "ह्याला डिझेल लागतं का लाइट?"

बाईंनी चष्मा काढून ठेवला. "सोमवारी परत बघू. नाहीच जमलं तर पुण्याचा कागद तयार ठेवते."

भावजयीनं मुलीच्या फ्रॉकचं बटण लावलं, ते आधीच लावलेलं होतं.

माझं कन्हेरीच्या रस्त्याला एक मंगल कार्यालय आहे. मी आणि आमचे हे मिळून चालवतो. म्हणजे मी चालवते आणि हे खुर्च्या मोजतात. लग्नाच्या धंद्यात राहून मला एक कळलंय, की कुठल्याही संकटाचे आधी तुकडे करायचे आणि मग एकेका तुकड्याला सामान शोधायचं. तेव्हा मी दवाखान्याच्या पार्किंगमध्येच बसून लिहून काढलं, की त्या खोलीत नेमकं काय काय आहे: कडक टेबल, अंगाला घट्ट बसणारी दाण्यांची गादी, हिरव्या रेघा, भोवती फिरणारं मशीन, घरघर, बंद दार, एकटेपण, आणि स्पीकरवरून येणारा आवाज. आणि समोर लिहिलं, आपल्याकडे काय आहे. लग्नसराई संपलेली, कार्यालय रिकामं. सगळं होतं.

सोमवारपर्यंत मी मायलेकींना माझ्याकडेच ठेवून घेतलं. जेवणाचं टेबल स्टेजवर आणलं. हिरव्या रेघांसाठी डीजेवाल्याचा लेझर आणला. तो त्यानं आनंदानं दिला, फक्त त्याच्यातून मधूनच बदाम उमटायचे. घरघरीला हॉलचा मोठा कूलर. दाण्यांची गादी सगळ्यात अवघड होती. दवाखान्यात ती पिशवी अंगाखाली ठेवून हवा ओढून घेतात, मग ती दगडासारखी घट्ट होते. मी दोन अभ्र्यांत साबुदाणा भरून शिवून टाकला. संकष्टीला आमचे हे ताट बघून म्हणाले, "घरात पोत्यानं साबुदाणा हाय आन् मला भगर?"

"तो पेशंटचा आहे," मी म्हटलं.

"पेशंट खातीया का?"

"पेशंट त्यावर झोपते."

यावर त्यांनी भगर खाल्ली.

फिरणारं मशीन म्हणून मी त्यांनाच उभं केलं. एका हातात मोठी परात तोंडासमोर धरून त्यांनी टेबलाभोवती सावकाश फिरायचं, मध्ये थांबायचं, परत उलटं फिरायचं. पहिल्याच फेरीत ते स्टेजवरून खाली गेले. परातीमुळे समोरचं दिसत नव्हतं. भाची हसून हसून साबुदाण्यावरून घसरली. दुसऱ्या फेरीत त्यांनी थांबण्याच्या जागी थांबून परातीआडून मला विचारलं, "तुज्याशी लगीन लावताना बी मी एवढ्या फेऱ्या मारल्या नव्हत्या, किती ऱ्हायल्या?" पुन्हा सगळं पहिल्यापासून.

दिवस चालले होते आणि भाची फार तर एका श्वासाइतकी स्थिर राहत होती. मी तिला रागावले, गोडीनं सांगितलं, चॉकलेट दाखवलं. ती मनापासून प्रयत्न करायची. पण कोणी 'हलू नको' म्हटलं की तिला आधी कानाच्या मागं खाज सुटायची, मग गुडघ्याला, मग अशा जागी की ती सांगायलाही लाजायची.

आणि त्यातच माणसं यायला लागली.

आमच्या भागात कोणी आजारी पडलं की बघायला जावं लागतं. नाही गेलात तर पुढच्या पिढीच्या लग्नातही तुम्हाला ते ऐकवलं जातं. आणि कोणी एकटं जात नाही. पिकअप भरून जातात, शहाळी आणि बिस्किटाचे पुडे घेऊन खाटेला गराडा घालतात आणि याच आजारानं कोण कोण गेलं ते पेशंटला समजावून सांगतात. डोसानंतर भाचीच्या अंगात जंतूंशी लढायची ताकद उरायची नाही, म्हणून त्या दिवसांत ती माझ्याकडे असायची आणि कित्येक महिने मी दारात उभी राहून माणसं परतवत होते. जाऊबाई रुसल्या, मामेभाऊ रुसला, एका चुलतीनं तर शहाळी परत नेली.

त्या दिवशी तात्या निरवांगीहून माणसं भरून आले. मी नेहमीप्रमाणे फाटकात. भाचीची रक्ततपासणी चांगली आली होती, पण घोळका म्हणजे घोळका. तात्या म्हणाले, "आमी लांबूनच बघतो. जेवणाच्या हॉलात बसतो, तोंडाला फडकी बांधतो. मग तर झालं?"

स्टेजपासून जेवणाचा हॉल चांगला लांब आहे, मधलं सरकतं दार उघडं असतं, खिडक्या सताड. मी मास्क वाटले, खुर्च्या मांडल्या आणि आडवा दोर बांधला. दोराच्या अलीकडे कोणी यायचं नाही. सगळे ओळीनं बसले आणि स्टेजवर बघायला लागले. स्टेजवर टकली मुलगी साबुदाण्यावर पडलेली, वर हिरवे बदाम, आणि माझा नवरा परात घेऊन प्रदक्षिणा घालतोय.

मग एका बाईनं हळूच विचारलं, "हे कुठल्या बाबांनी सांगितलंय?"

मी सगळं समजावलं. शेक, भूल, सोमवार, पुण्याची रांग. तात्यांनी विचार केला आणि ते उठून उभे राहिले. "म्हंजी पोरीनं हालायचं न्हाय, येवढंच ना? मग आमी तिला हालवून दावतो. आमच्याफुडं जी टिकंल ती मशीनफुडं टिकंल."

भाचीनं मान वर केली. तिचे डोळे चमकले. हलू नको म्हणून सांगणारे सगळे होते, हलवून दाखवतो म्हणणारं कोणी नव्हतं. "आन् न्हाय हालवता आलं तर?"

"तर काय म्हनशील ते."

"तर तुमी हितं येऊन पडायचं. मी तुमाला हालवनार."

खेळ सुरू झाला आणि पहिल्यांदाच ती पडून राहिली. निरवांगीच्या माणसांनी काय काय केलं! एकानं शेळीचा आवाज काढला. एकीनं भाचीच्या वर्गशिक्षिकेची नक्कल केली. एकजण नुसताच ओरडला, "इंचू! इंचू!" तेव्हा भाचीऐवजी पहिल्या रांगेतल्या बायका खुर्च्यांवर चढल्या. भाचीची फक्त नाकपुडी थरथरली. नाकपुडी मोजायची का यावर वाद झाला. नाकपुडी मणक्यापासून लांब आहे, असा निकाल मी दिला.

मग हरलेले एकेक जण टेबलावर. त्या वेळी सगळ्यांना कळलं की हे काम किती अवघड आहे. उसाच्या ट्रॅक्टरवर दिवसभर बसणारा गडी पापणी लवायच्या आत काखेत खाजवू लागला. एक बाई पडल्या पडल्या हसायला लागल्या त्या थांबेनातच, त्यांना दोघींनी खाली उतरवलं. फक्त एक म्हातारे आबा दगडासारखे पडून राहिले. सगळे थक्क झाले. मग आबा घोरायला लागले.

"हारले!" भाची ओरडली. "त्यांचं प्वाट हालतंय!"

"घोरनं म्हंजी हालनं न्हवं," आबांचा मुलगा म्हणाला.

"प्वाट वरखाली होतंय की. ह्या मशीनला चालंल का?"

प्रश्न गंभीर होता. तात्यांनी माइक मागवला. सर्वसाधारण सभा भरली. घोरणं हे हलणंच समजावं, असा ठराव मांडला गेला, सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, हात वर झाले. आबा जागे झाले आणि कशाचा ठराव आहे ते न विचारताच त्यांनीही हात वर केला. ठराव एकमतानं मंजूर.

दुसऱ्या दिवशी कळसची माणसं आली, त्यानंतर भवानीनगरकडची. बातमी पसरली होती. मला आता फाटकात उभं राहावं लागत नव्हतं, मी वेळा लावून दिल्या. आलेला प्रत्येक जण मास्क बांधून दोराच्या पलीकडे बसायचा, हरायचा आणि टेबलावर पडायचा. रुसलेल्या चुलतीही आल्या. त्या माइकवरून भाचीच्या बारशाच्या वेळचं सांगायला लागल्या, ती आल्यागेल्या पाहुण्यांच्या मांडीवर कशी मुतली ते, एकेका पाहुण्याचं नाव घेऊन. भाचीचे कान लाल झाले, पण हलली नाही. मेलेल्यांच्या गोष्टी सांगायला कोणालाच फुरसत उरली नाही.

तिला पहिल्यांदा हलवलं ते तात्यांनीच. ते मागच्या खोलीत गेले, माइक घेतला आणि डॉक्टरीणबाईंसारखा नाजूक आवाज काढून म्हणाले, "छान, बाळा. झालं हं. ऊठ आता."

भाची उठली.

हॉलमध्ये एकच कल्ला झाला. भाची टेबलावर उभी राहून ओरडत होती, "ही लबाडी हाय! खोटं बोलून हालवायचं न्हाय!" तात्या म्हणत होते, "नेमात कुठं लिवलंय?" मला तिचं म्हणणं पटलं, पण तात्यांचंही पटलं. नियम नव्हताच. मग सभा. भाचीनं स्वतः ठराव मांडला, की स्पीकरवरून कोणी काहीही बोललं तरी खरं धरायचं नाही, आणि पायाच्या अंगठ्याला कोणी हात लावल्याशिवाय उठायचं नाही. तात्यांनी मोठ्या मनानं अनुमोदन दिलं. तो ठराव मी स्वतः मोठ्या अक्षरात लिहून स्टेजच्या मागं चिकटवला आणि दोनदा वाचून बघितला. चोख वाटला.

त्यानंतर तिला कोणीच हलवू शकलं नाही. तात्यांनी भावाचा आवाज काढला, भावजयीचा काढला, माझाही काढला, आणि तो इतका हुबेहूब होता की आमचे हे परात टाकून खुर्च्या मोजायला धावले. भाची छताकडे बघत पडलेली. शेवटी मी जाऊन अंगठ्याला हात लावला की उठायची आणि विचारायची, "आता कोन हारलं?"

सोमवारी आम्ही दवाखान्यात गेलो. तात्या बरोबर होते, त्यांना नको म्हणायचं धाडस कोणी केलं नाही. भाची आत गेली, टेबलावर पडली, दार बंद झालं. आम्ही पडद्यापुढे. हिरवी रेघ पोटावर पडली, ती हलली नाही. मशीन फिरलं, ती हलली नाही. भावानं माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या बांगड्या रुतल्या. डॉक्टरीणबाई पुढे झुकून बघत होत्या. "अरे वा," त्या म्हणाल्या.

मशीनवर बसलेला तंत्रज्ञ माइकवर बोलला, "बाळा, बरी आहेस ना? बरी असशील तर उजवा हात थोडा वर कर."

भाची हलली नाही.

"बाळा? हात वर कर."

काही नाही.

"काही होतंय का? बोल, बाळा!"

दगड.

स्टेजच्या मागं चिकटवलेला कागद माझ्या डोळ्यांसमोर आला. मी तोंड उघडेपर्यंत बाई उठल्या होत्या, मशीन बंद झालं होतं, दार उघडलं होतं आणि बाई, तंत्रज्ञ आणि एक सिस्टर आत धावत सुटले होते. सिस्टरनं कपाळाला हात लावला, काही नाही. तंत्रज्ञानं खांदा हलवला, काही नाही. शेवटी बाईंनी पायांचे अंगठे चाचपले, तेव्हा भाची पटकन उठून बसली आणि म्हणाली, "जिंकले ना?"

बाईंना घाम फुटला होता. त्यांनी सगळ्यांना बाहेर बोलावलं आणि त्या पहिल्यांदाच आमच्यावर चिडल्या. "असं नाही चालत बाप्पा! आत एकटी असते ती. दुखलं, उलटी आली, श्वास अडकला, तर मला कळायला पाहिजे. मी विचारलं तर उत्तर द्यायलाच पाहिजे. हलणारी पोरगी परवडली, न ऐकणारी नाही. मी नाही घेऊ शकत." आणि त्यांनी पुण्याचा कागद पुढ्यात ओढला.

भाचीचा चेहरा पडला. "पर ठराव हाय," ती म्हणाली.

"कसला ठराव?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, शेळी, विंचू, घोरणं, मागच्या खोलीतले तात्या. सांगता सांगता मलाच ऐकू येत होतं की हे दवाखान्यात सांगण्यासारखं नाही. सिस्टर भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. बाईंनी पेन खाली ठेवलं नाही, पण त्या लिहायच्या थांबल्या.

"मग ठराव बदला," त्या म्हणाल्या.

तात्या या क्षणाची आयुष्यभर वाट बघत असावेत. ते उठले, टोपी सारखी केली. "मॅडम, ठरावाला दुरुस्ती मांडता येती. इथल्या स्पीकरवरून आलेला आवाज खरा मानावा आन् त्याचं ऐकावं, अशी दुरुस्ती मी मांडतो."

"मला न्हाय मंजूर," भाची म्हणाली. "आवाज कुनाचा हाय ते कसं कळनार? हे तात्या कुठं बी शिरत्यात."

"आवाज माझा असेल," तंत्रज्ञ समजुतीनं म्हणाला. "रोज मीच असतो इथं."

भाचीनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमी आमच्या नात्यातलं न्हाय ना?"

"नाही गं."

"गाव कुठलं?" तात्यांनी विचारलं. तंत्रज्ञानं सांगितलं, लासुर्णे. मला वाटलं, आता संपलं. "मामाकडलं गाव?" निमगाव. "आडनाव काय मामाचं?" त्यानं सांगितलं, आणि तात्यांचा चेहरा उजळला. आपण कुठं आहोत हे ते पार विसरले. "आरं, म्हंजी तू आमच्या धाकट्या वैनींच्या भैनीचा नातू! तुज्या आईच्या लग्नात वाढपी होतो मी!"

तंत्रज्ञही हरखला. तो वाकून तात्यांच्या पाया पडायला लागला.

"बगा," भाची म्हणाली. "नात्यातला निगाला. ह्याचं न्हाय ऐकनार मी."

भावजयीनं पदर तोंडाला लावला. इतके दिवस ती कुठल्याच खेळात आली नव्हती, दोराच्या पलीकडे शेवटच्या खुर्चीवर नुसती बसून असायची. आता ती पुढे आली, डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "मॅडम, तुमचं गाव कुठलं?"

बाई क्षणभर गोंधळल्या. "नागपूर."

"माहेर?"

"वर्धा."

भावजयीनं तात्यांकडे बघितलं. तात्यांनी डोळे मिटले, बराच विचार केला आणि खेदानं मान हलवली. त्या बाजूला आपलं कोणीच नाही.

"मग मॅडमचं ऐकशील?" भावजयीनं मुलीला विचारलं.

भाचीनं बाईंजवळ जाऊन त्यांना एक वाक्य बोलायला लावलं, मग दाराबाहेर जाऊन माइकवरून तेच बोलायला लावलं. मग तात्यांना तेच बोलायला लावलं. तात्यांना नागपूरचं बोलणं अजिबात जमलं नाही. त्यांचं 'बाप्पा' ऐकून सिस्टर खोलीबाहेर निघून गेली.

"मंजूर," भाची म्हणाली.

पुन्हा दार बंद. पुन्हा रेघ, मशीन, घरघर. बाई माइकवर वाकल्या. "काय गं, बरी आहेस ना? बरी असशील तर उजवा हात वर कर." पडद्यावर एक बारीक हात वर आला, तसाच खाली गेला आणि होता तिथं जाऊन टेकला. बाकी काही हललं नाही. बाई पडद्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी पुण्याचा कागद घडी घालून खिशात टाकला. पहिले काही दिवस माइकवर त्या स्वतः बसणार आणि तंत्रज्ञाची हळूहळू ओळख होऊ देणार, असं त्यांनी तिथंच ठरवलं. तंत्रज्ञ जरा हिरमुसला.

शेक मंगळवारी सुरू झाला. कळसहून बारामती रोज, सोमवार ते शुक्रवार. भावाला बाग सोडून रोज येणं शक्य नव्हतं, तेव्हा गाडी कोण आणणार हे मी ठरवायला घेतलं, आणि त्यावरून घोळ झाला तो वेगळाच. बघायला यायची हौस सगळ्यांना होती, आता सगळ्यांनाच आणायचं होतं. निरवांगीकरांनी बुधवार मागितला, चुलतींनीही बुधवारच, कारण त्या दिवशी त्यांना बारामतीत तशीही कामं असतात. मी वार वाटून दिले आणि कोणाचंही ऐकलं नाही. तात्यांना शुक्रवार दिला, तर त्यांनी विचारलं, शुक्रवारी सुट्टी आली तर माझा वार बुडाला का?

पहिल्या दिवशी मात्र भाऊ आणि भावजय दोघंही आले होते. भाची आत गेली, बाकड्यावर आम्ही. आता आत खराच शेक चालू होता. भाऊ दारावरचा दिवा बघत होता. भावजय मांडीवर दोन्ही हात ठेवून बसली होती. दिवा विझला, दार उघडलं आणि भाची स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आली. तिच्या दंडावर काटा आला होता.

"आत लई थंडी हाय," ती म्हणाली. "उद्या स्वेटर आना."

मी पेन काढलं आणि लिहून घेतलं, स्वेटर.

"पुढं चेन असलेला घ्या," बाई आतून ओरडल्या. "काढायला बरा पडतो."

"दोन घेऊ," भावजय उठत म्हणाली. "एक धुवायला पडंल. आता रोजचं हाय."